आभाळातला रहाट

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ते आभाळातून सोडलेल्या, अंतराळात चढून जायच्या दोराबद्दल. पण सुरुवात विहिरीपासून.

आमच्या घरामागची विहीर चिऱ्याची, खोल. पावसाळ्यात वाकून तांब्या बुडवावा इतकं पाणी वर, आणि वैशाखात आठ वाव दोर सोडावा तेव्हा कळशी टेकायची. मी नऊ-दहा वर्षांचा असताना अशाच एका वैशाखात दोर तुटला. गळ टाकून कळशी काढेपर्यंत दुपार झाली. आजोबांनी विचारलं, "दोर खंय तुटलो रे?" मी म्हटलं, कळशीच्या गळ्याशी. त्यांनी टोक माझ्या हातात दिलं. दोर तुटला होता वर, रहाटापाशी.

"खालच्या टोकाक नुसती कळशी," आजोबा म्हणाले. "वरच्या टोकाक कळशी, आणि आठ वाव भिजलेलो दोरसुद्धा."

मग त्यांनी खाडीच्या चिखलात कुजवलेली सोडणं बडवून काथ्या काढला आणि नवा दोर वळला. खाली तीन पेडी, मध्ये चार, रहाटाकडे पाच. डोळे मिटून हात फिरवला तरी जाडी वाढत गेलेली कळायची. तो दोर कित्येक वर्षं टिकला. आता सगळीकडे नायलॉन. तो हाताची सालं काढतो, आणि नळ आले म्हणून विहिरी बुजवणाऱ्यांना तर माझा हात जोडून विरोध आहे. नळ कोरडे पडले की माणसं पुन्हा विहिरीकडेच येतात.

तर, अंतराळात जायला उंच मनोरा का बांधू नये? १८९५ साली रशियाचे शास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्की यांना आयफेल टॉवरवरून हेच सुचलं होतं. आज दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे, आणि अंतराळ सुरू होतं साधारण १०० किलोमीटरवर. पण समजा, ४०० किलोमीटरचा मनोरा उभा केला आणि टोकावरून पाऊल बाहेर टाकलं, तर माणूस नारळासारखा खाली येईल. तिथं गुरुत्वाकर्षण जेमतेम दहावा हिस्सा कमी झालेलं असतं. त्या उंचीवरचं अंतराळ स्थानक पडत नाही, कारण ते ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगानं फिरतं. नुसती उंची पुरत नाही, वेग लागतो. पुन्हा सांगतो, उंची पुरत नाही, वेग लागतो.

मात्र विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह पृथ्वीच्याच चालीनं फिरतो. म्हणून तर तुमच्या कौलांवरची डिश एकदा दक्षिणेला रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. लेनिनग्राडचे अभियंते युरी आर्त्सुतानोव यांनी १९६० साली म्हटलं, खालून बांधू नका, तिथून दोर खाली सोडा. तोल राहावा म्हणून दुसरा दोर बाहेरच्या बाजूला सोडा. आणि दोर सगळ्यांत जाड कुठं हवा? वर, त्या रहाटापाशी. आजोबांचाच दोर, श्रोतेहो!

अडतं ते काथ्यापाशी. पोलाद स्वतःच्याच वजनानं तुटेल. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या पुरेशा मजबूत वाटतात, पण एकसंध, निर्दोष नळी हातभर लांब काढतानाही नाकीनऊ येतात.

खालचं टोक बांधायला समुद्रात तरंगता तळ सुचवलेला आहे. रत्नागिरीहून सरळ दक्षिणेला सुमारे १,९०० किलोमीटर गेलं की मालदीवजवळ विषुववृत्त लागतं. २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या किनाऱ्यावर पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विषुववृत्तावर चक्रीवादळं जवळजवळ होतच नाहीत.