नव्वद रुपये कुठे गेले?

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले, की घरोघरी एकच घोर: कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल ना? ते काम आवडेल का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. विचारलं तरी मुलं काय सांगणार? त्यांनी प्रोग्राम लिहिलेला असतो तो बहुधा फळ्यावरून जर्नलमध्ये उतरवलेला.

मला हे काम आवडतं, हे मला दुधाच्या हिशेबाने सांगितलं. मी नुकतीच पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा शिकायला लागले होते. आमच्याकडे रोज दीड लिटर दूध, लिटरला 60 रुपये, म्हणजे दिवसाचे 90. खाडे वगळून महिन्याचं बिल काढणारा दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. महिना 31 दिवसांचा, खाडा एकही नाही. बिल यायला हवं 2,790. आलं 2,700.

पुन्हा चालवला, पुन्हा तेच. मग दर 50 करून पाहिला, तर 75 रुपये कमी आले. एक खाडा घातला, तरी एका दिवसाचे पैसे कमीच. म्हणजे दर बरोबर, खाडे बरोबर. अख्खा एक दिवसच कुठेतरी गळत होता. कुठे? पायथनला 1 ते 31 अशी रेंज दिली, की ती 30 वर थांबते, शेवटचा आकडा धरत नाही. तिथे 32 लिहायला हवे होते. हे सापडेपर्यंत दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत मला एकदाही उठावंसं वाटलं नाही.

केंब्रिजमध्ये 1949 साली एडसॅक हा संगणक उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांच्या एका सुरुवातीच्या प्रोग्रामात 126 ओळी होत्या आणि चुका वीसएक. आपलं उरलेलं बरंचसं आयुष्य आपल्याच चुका शोधण्यात जाणार, हे जिन्यावरून जाता-येता त्यांना एकदम उमगलं. कामाचं हे स्वरूप आजही तसंच आहे. म्हणून स्क्रीनवर बरोबर उत्तर आल्याच्या आनंदावर जाऊ नका, तो सगळ्यांनाच होतो. उत्तर चुकीचं येत असतं, तो तास कसा जातो ते बघा.

माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मैत्रिणीचे प्रोग्राम माझ्याआधी बिनचूक चालायचे. पण चूक सापडली की तिला नुसतं सुटल्यासारखं वाटायचं. हे काम जमणं आणि त्यात रमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्याकडे पाहून समजलं. ती पुढे गिऱ्हाइकांना नेमकं काय हवंय ते समजून घेण्याच्या कामात गेली, आणि तिथे मनापासून रमली.

पंधरा दिवस रोज अर्धा तास द्या. पायथन फुकट मिळते, मोबाईलवरही चालते. भिशीचा हिशेब घ्या, पाण्याच्या टँकरचा घ्या, पण घरातलं काही तरी घ्या. एक मात्र कळकळीने सांगते: तयार प्रोग्राम एआयकडून लिहून घेऊ नका. तो मिनिटात मिळेल, पण ज्या तासाची परीक्षा घ्यायची आहे, तोच तास हातून जाईल. आणि आईबाबांनो, किती झालं, हे रोज विचारू नका. आज कुठे अडलं, ते विचारा. मूल डोळे मोठे करून सांगायला लागतं की विषय बदलतं, एवढं पाहा.

आज रात्री भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. दुधाचे खाडे त्यावर मांडलेले असतीलच. पहिल्या प्रोग्रामाला तेवढं पुरतं.