ट्रोपोनिनच्या मागावर

छातीत कळ आली, घाम फुटला, हात भरून आला. ईसीजी काढला, तर त्यात ठळक असं काहीच नाही. अशा वेळी डॉक्टर रक्तात ट्रोपोनिन शोधतात. हृदयाच्या स्नायूंना इजा झाली की हे प्रथिन रक्तात पाझरू लागतं.

मोठ्या प्रयोगशाळेतलं यंत्र ते अचूक मोजतं. पण यंत्र शहरात आणि पेशंट गावात, तर वेळ हातची जाते. म्हणून संशोधकांना हवी आहे बोटावरच्या थेंबाभर रक्तात काम करणारी पट्टी, साखर तपासतो तशी.

काम सोपं नाही. उपाशीपोटी लिटरभर रक्तात साखर असते साधारण एक ग्रॅम. ट्रोपोनिन-टी या त्याच्या एका प्रकाराच्या प्रचलित अतिसंवेदनशील चाचणीत धोक्याची रेघ आहे लिटरला १४ नॅनोग्रॅम. म्हणजे जवळपास सात कोटी पटींनी कमी!

हा पाहा पट्टीवरचा सोन्याचा ठिपका. त्यावर प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बसवलेली आहेत, फक्त ट्रोपोनिनला धरणारी. ट्रोपोनिन अडकलं की इलेक्ट्रॉनची वाट अडते आणि विद्युतप्रवाह घटतो. ही घट मोजायची. पण रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही आहे, लिटरला चाळीसेक ग्रॅम. तेही ठिपक्यावर जाऊन बसतं, प्रवाह घटवतं आणि आकडा फसवा येतो.

इथे निसर्ग मदतीला येतो. सिंधुदुर्ग-गोव्याकडचे शिनाणे भर लाटांत खडक सोडत नाहीत. अशा शिंपल्यांच्या चिकट प्रथिनांवरून अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाला वाट सापडली. २००७ मध्ये त्यांनी दाखवलं, की या प्रथिनांच्या चिकट भागाशी साधर्म्य असलेल्या डोपामिन या रसायनाच्या किंचित अल्कधर्मी द्रावणात वस्तू बुडवून ठेवली की जवळपास कशावरही काळपट, पातळ थर धरतो. हाच थर आता प्रतिपिंडांना ठिपक्यावर घट्ट धरून ठेवायला वापरतात.

आणि अल्ब्युमिनला दूर कसं ठेवायचं? त्याचा धडा आपल्याच पेशींनी दिला. पेशीच्या आवरणावरच्या फॉस्फोरिलकोलिन या रेणूगटात धन आणि ऋण भार शेजारी शेजारी असतात. ते पाण्याचा थर इतका घट्ट धरतात, की प्रथिनांना बूड टेकायला जागाच मिळत नाही. तशीच रचना ठिपक्यावर उभारतात. मला या सगळ्या खटपटीतलं हेच सर्वांत सुंदर वाटतं.

तरी एका आकड्यावर निदान होत नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही ट्रोपोनिन वाढलेलं असू शकतं. त्यामुळे एक ते तीन तासांनी पुन्हा रक्त घेऊन आकडा चढतोय का, हे बघावं लागतं. दोन वेळा दोन वेगळ्या पट्ट्या, आणि दोघींनी एकाच मापाने मोजायला हवं. ताज्या, न गाळलेल्या रक्तात हे जमवणं अजून अवघड जातंय.