गाडीची कुरकुर

नमस्कार. गॅरेजात आलेला माणूस पहिलं वाक्य बोलतो ते हेच, "खालून आवाज येतोय." मी विचारतो, "कसला?" तो म्हणतो, "अहो, आवाज!" माझं काम तिथेच अडतं. मराठीत आवाजाच्या शब्दांची वानवा नाही. कुरकुर, खटखट, टकटक, घूंघूं; नेमका शब्द सांगितलात तर निदानाला दिशा मिळते. कुरकुर म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर दाबून घासताहेत, बहुधा रबर आणि लोखंड, नाहीतर कोरडा पडलेला बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला फिरू देणारा गोळीचा सांधा. खटखट म्हणजे कुठेतरी प्ले, म्हणजे सैलपणा आलाय. वेगाबरोबर वाढणारं घूंघूं चाकाच्या बेअरिंगचं किंवा टायरचं असतं, ते आज सोडून देऊ.

हा माझ्या हातातला बुश, म्हणजे सांध्यात बसणारी रबरी गादी, लोअर आर्ममधून काढलेला आहे; लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा. बाहेर लोखंडी नळी, आत दुसरी नळी, मधे दोन्हींना पक्कं चिकटवलेलं रबर. पुष्कळांना वाटतं, आतली नळी बिजागरीसारखी फिरत असेल. नाही फिरत. बोल्टने तिला ब्रॅकेटमध्ये आवळून धरलेलं असतं. चाक वरखाली झालं की रबर पिळलं जातं आणि परत सुटतं, एवढंच. घासायला काही नाही, म्हणून धड बुश बोलत नाही आणि त्याला ग्रीसही लागत नाही. पॉलियुरेथेनच्या बुशची गोष्ट वेगळी. तिथे नळी खरोखर फिरते आणि ग्रीस नसेल तर तो नवाकोराही किंचाळतो.

आता जवळून बघा. आतली नळी मध्यावर नाही, एका अंगाला बसलीय. आणि या कडेला नख घातलं तर रबर लोखंडापासून सुटलेलं दिसतं. हा गेलेला बुश. पण वरवरच्या बारीक भेगा जुन्या रबराला पडतातच. नुसत्या भेगा दाखवून कोणी आर्म बदलायला सांगितला, तर "पहारीने हलवून दाखवा" म्हणा.

माझा नियम एकच: आवाज हवा तेव्हा काढता आला नाही, तोवर पान्याला हात लावायचा नाही. हा नियम मी चूक करून शिकलो. एका गाडीचे दोन्ही लोअर आर्म मी नुसत्या कानावर विसंबून बदलले. दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात, कुरकुर जशीच्या तशी. दोष निघाला वर, स्ट्रटच्या (शॉक अब्सॉर्बर आणि स्प्रिंगच्या उभ्या खांबाच्या) माउंटमध्ये, म्हणजे तो खांब वर जिथे पत्र्याला बसतो तिथे. पत्रा आवाज कुठून कुठे नेईल याचा नेम नसतो. मजुरी परत केली, तोंड दाखवायची मात्र चोरी झाली.

तेव्हापासून मी एकाला बॉनेटच्या कडेवर भार देऊन गाडी वरखाली दाबायला लावतो, स्वतः चाकाशी बसतो. गाडी सपाट जमिनीवर, वजन चाकांवर. लिफ्टवर चढवली की चाकं लोंबतात आणि आवाज पुष्कळदा गायब होतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र डोकं घालायचं नाही, कितीही घाई असो. मग फवाऱ्याची बाटली घेऊन एकेका बुशवर पाणी मारायचं आणि दर वेळी गाडी दाबायला सांगायची. ज्याच्यावर पाणी पडल्यावर कुरकुर थांबली, तो चोर. पावसात गप्प आणि कोरड्या दिवसात बोलणारी गाडी हीच खूण आपणहून देत असते. इथे पाण्याऐवजी इंजिन ऑइल मारलंत, तर आठवडाभर शांतता मिळेल आणि रबर फुगून मऊ पडेल.

पाण्याने फरक पडला नाही तर इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग फिरवायला सांगा आणि स्प्रिंगला बाहेरून बोटं टेकवा, वेटोळ्यांच्या मधे नको. स्प्रिंग अडून अडून धक्का देत असेल तर वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग. ब्रेक लावताना एकदाच "खट" होऊन गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मी आधी लोअर आर्मचा मागचा बुश बघतो.

बदलतानाची एक चूक फार होते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट शेवटचा आवळतात. गाडी खाली उतरली की नवं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग आवळा. त्यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न, "अजून किती दिवस चालवू?" बुश सहसा सावकाश जातो. आधी कुरकुर, मग टायरची एकच कड झिजते, मग स्टीअरिंग सैल वाटतं. बॉल जॉइंट इतका वेळ देईलच असं नाही. तो सुटला तर चाक वाकडं होऊन गाडी जागीच बसते. त्याचा रबरी बूट, म्हणजे वरचं आवरण, फाटलेला असेल आणि चाक हलवताना जॉइंटमध्ये प्ले दिसत असेल, तर ती गाडी मी मालकाला चालवत घरी नेऊ देत नाही.