सनद मिळाली, आता सातबारा वाचा

नमस्कार श्रोतेहो. कायद्याची पदवी घेऊन, बार कौन्सिलची सनद काढून घरी आलेली काही मुलंमुली हा कार्यक्रम ऐकत असतील. त्यांचे आईवडीलही ऐकत असतील, आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न असेल: मुंबईला कुणा मोठ्या वकिलाकडे धाडावं, की इथेच बसू द्यावं? माझं मत विचाराल तर इथेच. चिपळूण, राजापूर, देवगड, कुडाळ, जिथे घर असेल त्या तालुक्याच्या कोर्टात. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा मात्र उरकून घ्या, नाहीतर वकीलपत्र दाखल करणंच अडेल.

इथला पहिला पक्षकार घटनेतला मूलभूत हक्क घेऊन येत नाही. तो टेबलासमोर बसतो आणि म्हणतो, "वकिलानू, शेजाऱ्यान वाट बंद केल्यान." नवा वकील लगेच दिवाणी दावा आणि मनाई हुकमाचा अर्ज लिहायला घेतो. पण वहिवाटीची वाट अडवली असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. तहसीलदारांपुढे जाता येतं, फक्त अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आणि कोकणात हे सहा महिने बघता बघता जातात. मालक असतो डोंबिवलीला, मे महिना संपवून तो परत जातो, पावसाआधी इकडे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, उभा राहतो, आणि त्याला ते कळतं गणपतीला आल्यावर. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो तारखेचा.

दुसरं, सातबारा नुसता पाहू नका, वाचा. "इतर हक्क" या रकान्यात काय लिहिलंय, कुठल्या फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, लिहिलंय, तो जुना फेरफार काढून बघा. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती, म्हणजे खोतांमार्फत शेतसारा वसूल करण्याची पद्धत, बंद करण्याचं विधेयक मांडलं. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. हा सगळा इतिहास परीक्षेसाठी नाही, तो पक्षकाराच्या पिशवीत असतो. ३२ म चा, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याचा, दाखला कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पडलेला असतो आणि त्याचे नातू उगाच भांडत असतात. फेरफाराने मालकी मिळत नाही, हेही त्यांना समजावून सांगावं लागतं. पटकन पटत नाही.

सर्वात जास्त वेळ खातो तो वाटपाचा दावा. पणजोबांच्या नावाची जमीन, हिस्सेदार गिरगावपासून विरारपर्यंत पांगलेले, निम्म्यांचे पत्ते जुन्या चाळीचे. समन्स परत येतं, बेलिफ तरी काय करणार? दावा चालू असताना एखादे काका वारतात. त्यांचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणायचे असतात, आणि वकिलाला मृत्यूची बातमीच मिळत नाही. मी तर ज्युनिअरना सांगते, शिमगा आणि गणपतीच्या दिवसांत ऑफिस बंद ठेवू नका. तेव्हाच सगळे हिस्सेदार एका ओटीवर सापडतात. त्याच ओटीवर तडजोड होण्याची शक्यता असते, कोर्टात ती फार उशिरा येते. हुकूमनामा झाला तरी जमिनीचे तुकडे कोर्ट पाडत नाही. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, मग पुन्हा तहसील, पुन्हा मोजणी. हे दावा लावायच्या आधी सांगा. ऐकून दोन पक्षकार उठून गेले तरी चालेल.

आता पैशांचं. "जागा सुटली की दोन गुंठे तुमका" असं कुणी प्रेमाने म्हणालं तर हात जोडा. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जाहिरातीलाही बंदी आहे. दारावर साधी पाटी चालते, नाक्यावरच्या शुभेच्छा फलकावर काळा कोट घालून उभं राहणं शोभत नाही. सिनिअरने ज्युनिअरला काय द्यावं, हे तालुक्यात ज्याच्या त्याच्या मनावर असतं. निदान एसटीचं भाडं आणि दुपारचं जेवण सुटावं, असं मी बार रूममध्ये उघड बोलते, म्हणून काहीजण माझ्याशी कमी बोलतात. हाताला काम हवं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे नाव द्या. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तिथलं मानधन थोडं असतं, पण उलटतपासणी स्वतः घ्यायला मिळते.

राहता राहिलं अपील. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आले. कणकवली-कुडाळकडच्यांना घाट चढला की कोल्हापूर, त्यांची मोठी सोय झाली. दापोली-मंडणगडकडच्यांना मात्र मुंबईच सरावाची, ते अजून कुरकुरतात. तुम्ही नवीन आहात, कुरकुर करू नका. एखाद्या प्रकरणाचे कागद घेऊन आधी एकदा कोल्हापूरला जाऊन या, आणि तिथल्या एका तरी वकिलाशी ओळख करून ठेवा.