घर घेण्याआधी नळाची वेळ विचारा

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या पश्चिमेला घर शोधायला निघालात की सुदामा नगर दाखवलं जातंच. अन्नपूर्णा मंदिर केवढं जवळ, रणजित हनुमान किती जवळ, दसरा मैदान कुठल्या बाजूला, हे दलाल पाठ म्हणून दाखवतो. त्यात खोटं काही नाही. पण त्याचं बोलणं संपलं की शेजारचं दार वाजवा आणि विचारा, "काकू, तुमच्याकडे नर्मदा कधी येते?"

इथे नळाच्या पाण्यालाच नर्मदा म्हणतात. पुण्या-मुंबईहून आलेल्याला हसू येईल. पण नर्मदा आपल्या गावची नदी नव्हे. ती वाहते खाली निमाडात आणि इंदूर वसलंय माळव्याच्या पठारावर, साधारण 550 मीटर उंचीवर. मंडलेश्वरजवळ जलूदला पाणी उचलायचं, पंपांनी टप्प्याटप्प्यानं विंध्य चढवायचं आणि सुमारे 70 किलोमीटर लांब आणायचं, असा हा खटाटोप. 1978 साली हे पाणी शहरात पोहोचलं. त्याआधी मदार यशवंत सागर, बिलावली अशा तलावांवर होती. आता तिकडे जलूदला वीज गेली की इकडे आपल्या टाक्या भरत नाहीत. बऱ्याच वस्त्यांत पाणी मुळातच एक दिवसाआड. म्हणून घर बघताना टाइल्स नंतर बघा, आधी हौदाचं झाकण उघडायला सांगा. घर गल्लीच्या टोकाला असेल तर दाबाचीही चौकशी करा, कारण मधले काही सज्जन थेट नळाला मोटर लावतात. बोरिंग आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. मे महिन्यात त्याचा काय सूर असतो, तेही काकूंनाच ठाऊक.

कचऱ्याची मात्र काळजी नको. सकाळी गाडी गाणं वाजवत दारात येते. ओला, सुका, प्लास्टिक असं सगळं वेगळं ठेवलं नाही तर गाडीवरची माणसं ऐकवतात, आणि बरोबरच करतात. ओला कचरा जातो देवगुराडियाच्या कारखान्यात. 2022 मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची क्षमता रोज 550 टनांची. तिथं तयार होणाऱ्या गॅसवर शहरातल्या बसही धावतात. म्हणजे दुधी भोपळ्याची सालं वाया जात नाहीत.

किराणा, दवाखाना, पोहे-जिलेबी हे पायी जाण्याच्या अंतरावर मिळतं, त्यात फार सांगण्यासारखं नाही.

प्रवासाचं मात्र अवघड. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली, पण ती पार तिकडे सुपर कॉरिडॉर रस्त्याला. आपल्या कामाची नाही. शहराच्या मध्यावरच्या राजवाड्याला जायला ई-रिक्षा मिळते, तीही भरल्याशिवाय हलत नाही. आणि सानंद या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाला जाणार असाल, तर सुटल्यावर बस मिळेल या भरवशावर राहू नका. जाताना ज्या ऑटोनं जाल, त्याच्याशी परतीचंही ठरवून घ्या. भाडं आधीच बोला. तिसरा अंक संपल्यावर ते वाढतं.