वाडीवरची शाळा

श्रोतेहो, नमस्कार. आज वाडीवरच्या शाळेबद्दल बोलायचंय. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पहिली ते चौथीची मिळून बारा-पंधरा मुलं. जिल्हा परिषदेची अशी शाळा तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल, काही जण तिथेच बाराखडी शिकले असतील.

2023 मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली. अशा शाळा 14 हजारांवर निघाल्या. त्या एकत्र करून समूह शाळा काढायच्या, असा तो विचार. पुणे जिल्ह्यात पानशेतला आणि नंदुरबारमध्ये तोरणमाळला तसा प्रयोग झालाही आहे.

समूह शाळेच्या बाजूने जे बोललं जातं, त्यात तथ्य आहे. तिसरीत एकच मुलगी असेल, तर तिने पाढे कुणाबरोबर म्हणायचे? खो-खोचा संघ कसा उभा करायचा? गुरुजी प्रशिक्षणाला गेले की बाई एकट्याच चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसतात. पहिलीला पाटीवर गिरवायला द्यायचं, चौथीला फळ्यावर भागाकार घालायचा, तेवढ्यात खिचडी शिजली का ते बघायचं आणि पोषण आहाराची नोंदही करायची. अशा दिवशी शिकवणं किती होणार?

तरीही या शाळा बंद करू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पटाच्या आकड्यात अंतर दिसत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत हवी असं ठरवलं, ते सहा वर्षांच्या लेकराची चाल धरून. जुलैत ओढ्याला पाणी आलं की मोठी माणसंसुद्धा अलीकडेच थांबतात. गाडीची सोय करू म्हणतात, पण जिथे पायवाटच आहे तिथे गाडी कुठवर येणार? आणि मुलीची शाळा लांब गेली, की घरात पहिला शब्द निघतो, 'एवढ्या लांब नको.'

शाळा वाडीतच ठेवून मुलांना सोबती देता येतील. दहा-बारा शाळांचं केंद्र आपल्याकडे आहेच. पाऊस उघडला की महिन्यातून दोन शनिवार जवळच्या तीन-चार शाळांची मुलं गुरुजींनी एकत्र आणावीत. खो-खो होईल, प्रयोग होतील, तिसरीतल्या त्या मुलीला बरोबरीची मैत्रीणही मिळेल. बाई एकट्या पडतात त्या दिवसासाठी केंद्रात एक जादा शिक्षक असावा. ही मागणी गावाने लावून धरायला हवी.

त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार कायद्याने तिलाच दिला आहे. पण कित्येक ठिकाणी बैठकीचं रजिस्टर सहीसाठी घरी येतं आणि आपण ओसरीवरच सही करून मोकळे होतो. आयाबायांनो, पुढच्या बैठकीला शाळेत जा. एकट्या बाईंना चार वर्ग कसे झेपतात, ते त्यांना विचारा, आणि जादा शिक्षकाची मागणी आराखड्यात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.