कॉमेटच्या छपराचा तुकडा

नमस्कार श्रोतेहो.

विमानांचा नाद असलेली चार माणसं एकत्र बसली की थोड्याच वेळात दोन तट पडतात. एकाला लढाऊ विमानांपलीकडे काही दिसत नाही, दुसरा प्रवासी विमानांवरून हलायला तयार नसतो. आज मी ज्या विमानाबद्दल बोलणार आहे ते या दोन्ही तटांचं आहे आणि माझं अतिशय आवडतं आहे. डी हॅव्हिलँड कॉमेट, जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान.

२७ जुलै १९४९ ला इंग्लंडमधल्या हॅटफिल्डहून ते पहिल्यांदा उडालं. २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला प्रवासी घेऊन निघालं. चार 'घोस्ट' इंजिनं पंखांच्या मुळाशी, आतच बसवलेली. हेच घोस्ट इंजिन 'व्हेनम' या लढाऊ विमानातही होतं. म्हणजे नागरी आणि लष्करी हे नातं पहिल्या दिवसापासूनचं.

कॉमेट चाळीस हजार फुटांच्या आसपास उडायचं. तिथली हवा इतकी विरळ की माणसांसाठी आत दाब धरून ठेवावा लागतो. विमान वर चढलं की त्याचं धड किंचित फुगतं, खाली उतरलं की पुन्हा बसतं. रोज, प्रत्येक उड्डाणाला. तार वाकवून सरळ करत राहिलं की ती एका क्षणी तुटते, तसंच हे. धातूही थकतो.

१० जानेवारी १९५४. रोमहून निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटलं. ३५ माणसं गेली. विमानं थांबवली, तपासली, काही बदल केले आणि मार्चमध्ये पुन्हा सोडली. ८ एप्रिलला रोमहून कैरोला निघालेलं दुसरं कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात गेलं. २१ माणसं. ही दोन वाक्यं बोलताना आजही माझा आवाज खाली येतो.

मग फार्नबरोच्या शाही विमान संशोधन संस्थेत सर आर्नोल्ड हॉल यांच्या हाताखाली जे काम झालं, ते मला विमानांच्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम वाटतं. त्यांनी एक अख्खं कॉमेट घेतलं, 'योक अंकल'. (नोंदणीच्या शेवटच्या दोन अक्षरांवरून विमानाला हाक मारायची पद्धत होती. वाय म्हणजे योक, यू म्हणजे अंकल.) त्याच्या धडाभोवती प्रचंड टाकी बांधली. पंख टाकीच्या भिंतींतून बाहेर काढले आणि फटी रबरानं बंद केल्या. टाकी भरली, विमानही पाण्यानं भरलं. मग आत आणखी पाणी दाबून भरायचं, दाब वाढवायचा, सोडायचा. बाहेर पंख यंत्रांनी वरखाली वाकवायचे. काही मिनिटांत एका उड्डाणाचा ताण पुरा.

पाणीच का? दाबलेल्या हवेचं धड फाटलं तर बॉम्बसारखं फुटेल आणि चीर कुठून सुरू झाली ते कळायला काही उरणार नाही. पाणी जवळजवळ दबतच नाही. पत्रा फाटला की दाब झटकन उतरतो आणि चीर जिथल्या तिथे वाचता येते.

योक अंकलनं आधी १,२२१ उड्डाणं केलेली होती. टाकीत आणखी १,८३६ फेऱ्या झाल्या आणि धड फाटलं. चीर एका खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली होती. एल्बाजवळ पडलेल्या 'योक पीटर'ची दाबाची उड्डाणं होती १,२९०, आणि नेपल्सजवळच्या विमानाची फक्त ९००.

'कॉमेट चौकोनी खिडक्यांमुळे पडलं' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. विमानप्रेमींनी तरी इथे थांबून बघावं. योक पीटरची फाटण्याची सुरुवात प्रवाशांच्या खिडकीतून झालीच नव्हती. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत ती जागा सापडली छपरावर, दिशा शोधणाऱ्या रेडिओच्या एरियलसाठी ठेवलेल्या दोन झरोक्यांपैकी एकाच्या कोपऱ्याजवळ. कोपऱ्यात ताण साठतो हे खरंच, पण तो अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होता, हे खरं दुखणं.

आणि कंपनीनं चाचण्या केल्या नव्हत्या असंही नाही. केल्या होत्या, आणि त्यांतला सांगाडा हजारो फेऱ्या टिकला होता. पण त्याच सांगाड्याला आधी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब देऊन पाहिलेला होता. त्या जादा दाबानं कोपऱ्यांतला धातू ताणून बसला आणि उलट थकव्याला जास्त दाद देईनासा झाला. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या विमानांच्या वाट्याला ते कधीच आलं नव्हतं. प्रामाणिकपणे केलेली चाचणी अशी फसवू शकते, हे मला फार अस्वस्थ करतं.

सुधारलेलं कॉमेट मग आधी लष्करात गेलं. १९५६ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या २१६ क्रमांकाच्या स्क्वाड्रननं ते वाहतुकीसाठी घेतलं. कॉमेट ४ नं ४ ऑक्टोबर १९५८ ला अटलांटिकवरची पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. त्याच महिन्यात बोइंग ७०७ ही आलं आणि बाजार त्याच्याकडे गेला.

पण कॉमेट संपलं नाही. न विकल्या गेलेल्या दोन कॉमेटमधून 'निमरॉड' हे पाणबुड्या शोधणारं विमान उभं राहिलं. धडाखाली शस्त्रांसाठी लांबलचक पोट, शेपटीला पाणबुडीचं लोखंड हुंगणारा दांडा, आणि वर तेच जुनं धड. पुढे त्याच धडांना नवे पंख बसवायचे ठरले, तेव्हा कळलं की प्रत्येक धडाचं माप थोडंथोडं वेगळं आहे, कारण ती कारागिरांनी हातानं जुळवलेली होती. ते काम २०१० मध्ये सोडून दिलं गेलं. शेवटची निमरॉड २०११ मध्ये निवृत्त झाली.

योक पीटरच्या छपराचा तो तुकडा लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेला आहे. कधी तिथे गेलात तर त्या दोन झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी जरा वेळ उभे राहा.

नमस्कार.